आपले तोंड आपणच तपासू या!

पहाटे झाडू हाती घेणारा सफाई कामगार, उसाच्या फडात राबणारा तोडणी मजूर, चुलीपुढे बसून मशेरी लावणारी माउली. यांच्या हाती तंबाखू आली ती चैन म्हणून नव्हे. भूक मरते, घाणीचा वास जाणवत नाही, झोप उडते, म्हणून चिमूट दाढेखाली जाते. त्यांना ‘व्यसनी’ म्हणून हिणवणे सोपे आहे. पण हिणवल्याने कुणाचा जीव वाचत नाही.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील जवळपास दर चौथा प्रौढ तंबाखू खातो वा मशेरीसारख्या रूपात वापरतो. गुटखाबंदी २०१२ साली झाली, पण साधी तंबाखू मोकळीच राहिली. नुसती सुपारीही कर्करोगास कारण ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

हा रोग पोटात दडून बसत नाही, आरशात दिसतो. सुरुवातीला दुखत मात्र नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. तंबाखू, सुपारी, विडी, दारू घेणाऱ्याने महिन्यातून एकदा तोंड तपासावे. हात धुवावेत, चूळ भरावी, कवळी असल्यास काढावी आणि उजेडात आरसा धरावा. ओठ उलटून पाहावेत. हिरड्या, दोन्ही गालांची आतली बाजू, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी, बोटाने चाचपावी. तंबाखू जिथे धरतो ती जागा विशेष पाहावी. शेवटी गळ्याला गाठ लागते का, ते बघावे.

पांढरा वा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलणारा दात, तिखट न सोसणे, स्वतःची तीन बोटे उभी मावू नयेत इतके तोंड कमी उघडणे. यातले काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, ही भीती खोटी आहे. आणि काही दिसले नाही म्हणून डॉक्टरी तपासणी टाळू नये.

पण सगळा भार गरिबाच्या आरशावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. केरळात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी तोंडे तपासली. तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमधील या रोगाचे मृत्यू तिथे ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली सिद्ध झाले. आपल्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकाच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ०.९ आणि पुरुषांपैकी १.२ टक्क्यांचेच तोंड कधी तपासलेले आढळले!

रोजंदारी बुडते म्हणून आपला माणूस उशिरा जातो, आणि उशीर झाला की जबडा जातो, घर कर्जात बुडते. तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीत आरसा आणि बॅटरी घेऊन बसावे. संशय आलेल्याला एकटे न पाठवता सोबत जावे आणि आरोग्य केंद्राला तपासणीचा जाब विचारावा. तंबाखू सोडणे हा खरा उपाय आहेच; पण ती सुटेपर्यंत तोंड तपासायचे थांबवू नका.