वेष्टन नवे, विश्वास जुना

बँकेच्या नोकरीत असताना कर्जदार पेढ्यांची स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला माझ्या टेबलावर येत. आकड्यांच्या त्या रुक्ष तक्त्यांतून कधी कधी एखाद्या घराची चिंता स्पष्ट वाचता येई. नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील एका मसाल्याच्या पेढीचे असेच झाले. सलग तीन महिने गोदामातील माल वाढत होता आणि खात्यातील जमा घटत होती. कॅश क्रेडिटचे लिमिट काठोकाठ वापरले गेले होते. नूतनीकरणाचा अर्ज माझ्यापुढे होता आणि शिफारस करावी की नाही, हा प्रश्न होता.

पाहणीस गेलो तेव्हा उलगडा झाला. शिक्षण संपवून पेढीवर आलेल्या मुलाने लाल कागदी पुडी बंद करून चकचकीत निळे पाकीट आणले होते. नावाची अक्षरे बदलली होती आणि नव्या पिढीला रुचावे म्हणून तिखटही कमी केले होते. सिन्नर-दिंडोरीकडच्या किराणा दुकानदारांनी माल परत पाठवला. ‘हा तुमचा मसाला नव्हे, असे गिऱ्हाईक म्हणते,’ एवढाच त्यांचा निरोप होता. वडील गादीवर गप्प बसून होते. मुलाचा हेतू चांगला होता. नव्या पाकिटात मसाल्याचा वास खरोखरच अधिक टिकत होता. मात्र काय बदलावे आणि काय राखावे, याचा विचार त्याने वेगवेगळा केला नव्हता.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. १९८५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कोका-कोलाने आपल्या पेयाची जुनी चव बंद करून नवी आणली. चाचण्यांत ती लोकांना आवडली होती; तरीही रोष इतका उसळला की जुलैत जुने पेय परत आणावे लागले. चाचणीत लोकांनी घोटाची चव सांगितली होती. जुनी चव कायमची जाणार असेल तर काय वाटेल, हे त्या घोटावरून कळणारे नव्हते.

याउलट आपल्या घरातला पारले-जीचा पुडा पाहावा. मुंबईच्या विलेपार्ले उपनगरात १९२९ साली सुरू झालेल्या या कंपनीचे बिस्किट पूर्वी ‘पारले ग्लुको’ म्हणून ओळखले जाई. इतरांचीही ग्लुकोज बिस्किटे बाजारात आली आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ होऊ लागला, तेव्हा १९८० च्या दशकात ‘पारले-जी’ हे नाव पुढे आले. मेणकागद जाऊन प्लॅस्टिकचे वेष्टन आले. पण पिवळे-पांढरे पट्टे, पुड्यावरचे बाळ आणि चहात बुडवल्यावर लागणारी चव तीच राहिली. लिहिता-वाचता न येणारे गिऱ्हाईकही पुडा ओळखू शकले.

दांडेकर बंधूंच्या कॅमलिनची वाट निराळी. १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या यांपासून त्यांनी आरंभ केला. पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि कॅमल व इंक यांवरून कंपनीचे नाव पडले. बॉलपेनने शाईच्या दौतीची गरज कमी केली, तरी तोवर रंग, पेन्सिली आणि कंपासपेटी यांच्या रूपाने ही कंपनी मुलांच्या दप्तरात पोहोचली होती. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. पण रंगपेटीवरचा उंट हलला नाही. येथे वस्तू बदलत गेली, ओळख टिकली.

एका गोष्टीकडे मात्र व्यापारी म्हणून डोळसपणे पाहिले पाहिजे. पारले-जीच्या लहान पुड्याची किंमत दीर्घकाळ चार रुपयेच राहिली. महागाईचा भार वजन कमी करून पेलला गेला. निव्वळ वजन वेष्टनावर छापलेले असते, त्यामुळे हे लपवणे नव्हे. शिवाय हातावर पोट असणाऱ्याला चार रुपयांचा पुडा मिळत राहिला, हेही खरे. तरीही कमी-अधिक मापे वापरणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानणाऱ्या आपल्या घरांनी एक पाऊल पुढे जावे. वजन घटवावेच लागले, तर ते बारीक अक्षरांवर न सोपवता दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे.

त्या पेढीचे लिमिट वाढवू नये, परंतु सहा महिने चालू ठेवावे, अशी शिफारस मी केली. पिता-पुत्रांनी एकत्र बसून निर्णय घेतला. लाल रंग, जुनी अक्षरे आणि जुने प्रमाण परत आले. पाकीट मात्र मुलाचेच राहिले. कमी तिखटाचा मसाला त्याने वेगळ्या नावाने काढला. परत गेलेले गिऱ्हाईक जोडायला दोन दिवाळ्या लागल्या. त्यानंतरच्या स्टेटमेंटवर सही मुलाची होती.

वाणिज्य शाखेत आम्ही ख्यातिमूल्य शिकलो. व्यवसाय विकेपर्यंत ते सहसा ताळेबंदात दिसतही नाही. पण त्या तीन महिन्यांत ते कमी होताना मी जमेच्या रकान्यात पाहिले. आपल्या पेढीवर नवे वेष्टन आणण्याचा विचार असेल, तर छपाईची ऑर्डर देण्याआधी दहा जुन्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारावा: आमचा माल तुम्ही दुरून कशावरून ओळखता? जे उत्तर येईल, त्याला हात लावू नये.