पाळीच्या कापडाला ऊन हवं

पाळीत कापड वापरलं की संसर्ग होणार आणि विकतचं पॅड घेतलं की आपण सुरक्षित, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी आपण कापड वापरत असल्याचं सांगितलं. एवढ्या मुलींना ‘कापड सोडा’ म्हणून भागत नाही. कापड केव्हा अपाय करतं आणि केव्हा नाही, हे त्यांना कळलं पाहिजे.

ओडिशातल्या रुग्णालयांत तपासणीला आलेल्या साडेपाचशेहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. धुऊन पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या स्त्रियांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त दिसला. पण अभ्यासकांनी पुढचा प्रश्नही विचारला होता: कापड वाळवता कुठे, ठेवता कुठे? ज्यांचं कापड घरात वाळत होतं किंवा संडासात दडवलेलं असायचं, त्यांच्यात हा संसर्ग अधिक होता. अशा अभ्यासातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरीही बुरशीला ओल आणि ऊब लागते, हे आपण दर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर पाहतोच. परकराखाली, साडीच्या आड वाळत घातलेल्या कापडाला ना ऊन मिळतं ना वारा. ते दमटच राहतं, आणि तसंच पुन्हा नाजूक त्वचेला लागतं.

ऊन इथे दोन कामं करतं. त्याच्या उष्णतेनं पाणी उडून जातं आणि पाण्यावाचून बहुतेक सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. त्यातले अतिनील किरण सूक्ष्मजीवांच्या डीएनएला इजा करतात. जुन्या सुती साडीची घडी याबाबतीत फार सोयीची. उलगडली की एकपदरी होते आणि भरभर वाळते. शिवलेल्या कापडी पॅडचे आतले थर मात्र वरून कोरडे वाटले तरी ओले असू शकतात. ते दाबून पाहावेत आणि थोडे जास्त वेळ उन्हात ठेवावेत.

धुताना आधी थंड पाणी. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं, अंड्याचा पांढरा भाग शिजतो तशी, गोठून धाग्याला चिकटतात आणि डाग पक्का होतो. रक्त निघून गेलं, पाणी स्वच्छ यायला लागलं, की साबण लावावा. साबणाचा अंश राहिला तर त्वचा चुरचुरते, म्हणून खळबळून धुवावं. कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नये; त्याचा थर बसून कापड ओल कमी शोषतं. एवढं करूनही फिकट तपकिरी डाग राहिला, तर त्याचं ओझं बाळगू नका. स्वच्छ धुऊन कडकडीत वाळलेलं डागाचं कापड हे पांढऱ्याशुभ्र पण दमट कापडापेक्षा केव्हाही चांगलं.

कोकणात आषाढ-श्रावणात ऊन आणायचं कुठून, हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा पंख्याखाली, वारा खेळेल असं मोकळं वाळत घालावं आणि वापरण्याआधी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी. घड्या थोड्या जास्त ठेवल्या तर ओली घडी घ्यायची वेळ येत नाही.

पाळीत कापडाऐवजी योनीत बसवायचा सिलिकॉनचा कप वापरणाऱ्यांना वाळवण्याची एवढी चिंता नाही, कारण सिलिकॉन पाणी शोषत नाही. केरळात आलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत २०१९ मध्ये पाच हजार कप मोफत वाटले गेले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला: कपमधून गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी होते आणि योग्य वापरात तो सुरक्षित आहे. पाळी संपल्यावर तो भरपूर पाण्यात, बुडाला न टेकता, पाचेक मिनिटं उकळावा आणि कापडी पिशवीत ठेवावा. हवाबंद डबीत नको. काढताना नुसता ओढू नये. बुडाशी चिमटून आतली हवेची पकड आधी सोडवावी. तांबी बसवलेली असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण ओढ बसून तांबी सरकू शकते.

कापड असो वा कप, खाज, दुर्गंधी, दह्यासारखा स्राव किंवा लघवीला जळजळ असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं, तर तो लगेच काढून थेट रुग्णालय गाठा. ही लक्षणं जंतूंच्या विषबाधेची असू शकतात; ती अतिशय दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतू शकते.

स्वच्छ पाणी, साबण आणि ऊन, यांतलं ऊन फुकट असूनही मुलींना मिळत नाही, ते केवळ घरच्यांच्या संकोचामुळे. तुमच्या घरात पाळी येणारी मुलगी असेल, तर अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या दोरीवर तिच्या कापडालाही जागा आहे, हे तिला आजच सांगा. आणि हे आईनं एकटीनं नव्हे, वडिलांनीही सांगावं.