हौशी जिभेची पत

१९७८ साली अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातल्या एका तरुण वकिलाने वाईनवर एक पत्रक काढायला सुरुवात केली. त्याच्याकडे वाईनशास्त्राची पदवी नव्हती, कुठल्या वर्तमानपत्राची नोकरी नव्हती, आणि वाईनच्या व्यापाराशी त्याचा धंद्याचा संबंधही नव्हता. होती ती फक्त आवड आणि नेमाने टिपणे ठेवण्याची शिस्त. १९८२ च्या बोर्दोच्या वाईन पिंपात असताना रॉबर्ट फिनिगनसारख्या तेव्हाच्या प्रस्थापित समीक्षकाने त्यांच्याबद्दल शंका घेतली. या वकिलाने त्यांना मनापासून उचलून धरले. काळाने कौल वकिलाच्या बाजूने दिला, आणि १९८४ मध्ये त्याने वकिली सोडली. त्याचे नाव रॉबर्ट पार्कर. पुढची तीन दशके त्याच्या शंभरपैकी गुणांवर बोर्दोतल्या बाटल्यांच्या किमती चढत आणि उतरत राहिल्या. हौशी ब्लॉगलेखकांना वाईनचे समीक्षक म्हणून विश्वासार्ह मानावे का, या प्रश्नावर बोलताना हा इतिहास सोयीस्करपणे विसरला जातो. गेल्या अर्धशतकातला सर्वांत प्रभावी वाईन-समीक्षक सुरुवातीला हौशीच होता आणि स्वतःच्याच प्रकाशनात लिहीत होता. तेव्हा ब्लॉग असते, तर त्याने बहुधा ब्लॉगच लिहिला असता.

पहिला आणि सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा की, समीक्षकाचा अधिकार प्रमाणपत्रातून येतो. वाईनच्या जगात ‘मास्टर ऑफ वाईन’ ही सर्वांत मानाची पदवी. तिची परीक्षा १९५३ मध्ये लंडनला प्रथम झाली. एकवीस जण बसले, सहा उत्तीर्ण झाले. आजही तिच्यात छत्तीस अनोळखी वाईन चाखून त्या कुठल्या द्राक्षाच्या, कुठल्या प्रदेशाच्या, कशा बनवलेल्या, हे कारणांसह लिहावे लागते. मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी २०१६ मध्ये ही पदवी मिळवली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. या कष्टाबद्दल आदरच वाटायला हवा. पण ही परीक्षा निघाली ती व्यापारातल्या माणसांसाठी, खरेदी-विक्री जाणतेपणाने व्हावी म्हणून. व्यापाराबाहेरची पहिली व्यक्ती ही पदवी मिळवायला १९८४ साल उजाडावे लागले. ती व्यक्ती म्हणजे ब्रिटिश लेखिका जॅन्सिस रॉबिन्सन. ज्ञान किती आहे हे परीक्षा सांगते. समीक्षेला ज्ञानाखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे निर्णयातले सातत्य: आज जे चांगले म्हटले तेच उद्या न ओळखता पुन्हा चाखल्यावर चांगले म्हणता येणे. दुसरी म्हणजे कुणाच्याही मिंधेपणातून मोकळे असणे. या दोन्हींची हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही.

सातत्याबद्दलचा पुरावा तर व्यावसायिकांना अस्वस्थ करणारा आहे. कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन यांची स्वतःची छोटी वायनरी होती. स्पर्धांमध्ये तीच वाईन एका ठिकाणी सुवर्णपदक मिळवते आणि दुसऱ्या ठिकाणी रिकाम्या हाती परत येते, याचे त्यांना कोडे पडले. सांख्यिकी हातात असल्याने त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या आयोजकांना एक प्रयोग करू देण्याची गळ घातली. २००५ पासून सलग चार वर्षे परीक्षकांपुढे ठेवलेल्या अनेक ग्लासांमध्ये काही ग्लास एकाच बाटलीतून तीनदा भरलेले असत. परीक्षकांना ते ठाऊक नसे. तज्ज्ञ म्हणून निवडलेल्या या परीक्षकांपैकी सुमारे दहा टक्केच असे निघाले की त्यांनी त्या तिन्ही ग्लासांना एकाच पदकाच्या पट्ट्यातले गुण दिले. बाकीच्यांचे गुण साधारण चारने वर किंवा खाली हलत होते, म्हणजे तीच वाईन एका घोटाला कांस्य आणि दुसऱ्या घोटाला सुवर्ण ठरू शकत होती. जे एका वर्षी सातत्य दाखवत, तेच पुढच्या वर्षी दाखवतील याचीही खात्री नव्हती. पुढे हॉजसन यांनी तेरा अमेरिकी स्पर्धांचे निकाल शेजारी मांडले. तीनहून अधिक स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाईनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळाले होते, आणि त्या सुवर्णविजेत्यांपैकी ८४ टक्क्यांना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळाले नव्हते. ‘तज्ज्ञ म्हणजे अचूक, हौशी म्हणजे अंदाजपंचे’ ही विभागणी या आकड्यांपुढे टिकत नाही.

पण इथेच दुसरा गैरसमज दबा धरून बसलेला असतो, आणि हौशींच्या बाजूने बोलणारेच तो अधिक पसरवतात. तो असा की, वाईनची सगळी पारख हे थोतांड आहे, चव ज्याची त्याची, म्हणून सगळी मते सारखीच. यासाठी बोर्दोच्या एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिये यांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. पांढऱ्या वाईनमध्ये गंधहीन लाल रंग घातल्यावर चाखणाऱ्यांनी तिचा वास लाल वाईनच्या शब्दांत वर्णन केला. याचे सांगोवांगी रूप झाले, ‘जगातल्या थोर तज्ज्ञांना लाल आणि पांढरी वाईन ओळखता आली नाही.’ वस्तुस्थिती अशी की, ते ५४ जण बोर्दो विद्यापीठात वाईन बनवण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी होते, आणि तपासले गेले ते वासाचे वर्णन करताना त्यांनी निवडलेले शब्द. डोळ्यांना दिसणारा रंग नाकाच्या शब्दांना वळण देतो, हा निष्कर्ष पक्का आहे आणि मोठाही आहे. माणसाला वाईनमधला फरकच कळत नाही, असे त्यातून निघत नाही. २००८ मध्ये रॉबिन गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेबल झाकून झालेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांचे विश्लेषण केले. सर्वसामान्य माणसांना महाग वाईन किंचित कमीच आवडल्या. ज्यांनी वाईनचे शिक्षण घेतले होते त्यांच्यात हा उलटा कल दिसला नाही, उलट महाग वाईनकडे थोडा ओढा दिसला. म्हणजे शिक्षणाने काहीतरी बदलते.

काय बदलते, हे दोष ओळखण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. बुचातून उतरणारे ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचे रसायन लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळाचा गंध दबून जातो. हे कधी अनुभवलेच नसेल, तर माणूस बिघडलेल्या बाटलीवरून वायनरीलाच नापास करील. ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा घोड्याच्या तबेल्यासारखा वास, किंवा व्हिनेगरकडे झुकलेला आंबटपणा, यांचेही तसेच. हौशी लेखकावरचा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्याला दोष आणि शैली यांतला फरक ओळखता येत नाही, त्याने गुण देण्याची घाई करू नये. पण ही ओळख सरावाने येते, आणि सराव पगारी माणसाची मक्तेदारी नाही. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत ‘कानसेन’ हा शब्द मानाने वापरतात. ज्याने कधी तंबोरा धरला नाही, पण पन्नास वर्षे ऐकून सूर कुठे ढळला ते अचूक सांगतो, अशा माणसाचे मत गायकही ऐकून घेतात. वाईनचा कानसेन तयार होऊ शकतो, हे नाकारायला कोणतेच कारण नाही.

व्यावसायिकांच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो: ते वर्षाला हजारो वाईन चाखतात, हौशी माणूस फार तर दोन-चारशे. संख्येचे महत्त्व आहेच, कारण तुलना केल्याशिवाय समीक्षा होत नाही. मात्र चाखण्याची परिस्थितीही तितकीच महत्त्वाची. बोर्दोमध्ये द्राक्षतोडणीनंतरच्या वसंतात समीक्षक जातात आणि पिंपातून काढलेले नमुने चाखतात. त्या वेळी वाईन बाटलीत भरायला बहुधा वर्ष-दीड वर्ष बाकी असते, अंतिम मिश्रणही कधीकधी ठरलेले नसते. त्या एका घोटावर दिलेल्या गुणांनी किंमत ठरते. शातो पावीच्या २००३ च्या वाईनला पार्करने शंभराजवळ गुण दिले आणि रॉबिन्सनने वीसपैकी बारा. दोघेही अव्वल दर्जाचे, दोघांनीही बारकाईने चाखलेली. हौशी माणूस नेमका दुसऱ्या टोकाला उभा असतो. तो दुकानातून विकत घेतलेली, प्रवास करून आलेली, बाटलीत मुरलेली वाईन जेवणाच्या ताटाबरोबर, तासाभराच्या अवकाशात पितो. एरिक लव्हाइन यांनी उभारलेल्या सेलरट्रॅकरसारख्या नोंदवहीत अशा हौशींची लाखो टिपणे साठली आहेत. तीच बाटली पाच वर्षांनी, दहा वर्षांनी उघडल्यावर कशी लागली, हे त्यात जितक्या विस्ताराने सापडते तितके एकट्या समीक्षकाला लिहिणे शक्यच नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक अधिक जवळचा वाटेल. वाईन उष्णतेने बिघडते. मे महिन्यात पुण्या-नागपुरातल्या दुकानाच्या फळीवर उभी असलेली बाटली आणि नाशिकच्या वायनरीत थंड तळघरात चाखलेला नमुना, यांवर लेबल एकच असले तरी आत एकच वाईन असेल असे नाही. नाशिक व्हॅली वाईनला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चे, म्हणजे हा उद्योग आता पोरवयाचा राहिलेला नाही. तरी मराठीत त्याची सवड काढून केलेली, दोष-गुण नाव घेऊन सांगणारी समीक्षा फारच थोडी आहे. वायनरीच्या निमंत्रणावरून झालेल्या सहलीचे वर्णन मुबलक मिळते. ग्राहक जी बाटली घेणार तीच स्वतःच्या पैशाने घेऊन, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात घेतली हे नोंदवून लिहिणारा हौशी लेखक इथे मोठ्ठी पोकळी भरून काढू शकतो.

आता पैशाचा प्रश्न. ‘ब्लॉगवाले फुकटच्या बाटल्यांवर जगतात’ हा आरोप सर्रास होतो, आणि अनेकांच्या बाबतीत तो खराही आहे. चुकीचे आहे ते पुढचे गृहीतक, की छापील नियतकालिके यातून मुक्त आहेत. २००८ मध्ये गोल्डस्टीन यांनीच मिलानमध्ये अस्तित्वात नसलेल्या एका रेस्तराँची वाईनयादी बनवली, २५० डॉलर शुल्क भरले आणि एका नामांकित अमेरिकी वाईन-मासिकाचे पुरस्कारपत्र मिळवले. त्या काल्पनिक यादीत, त्याच मासिकाने पूर्वी वाईट ठरवलेल्या वाईन त्यांनी मुद्दाम घातल्या होत्या. पार्करची प्रतिष्ठा मुळात जाहिरात न घेण्यावर आणि पाहुणचार टाळण्यावर उभी होती; २००९ मध्ये त्याच्याच पत्रकाच्या काही समीक्षकांचे दौरे इतरांच्या खर्चाने झाले होते, हे उजेडात आणले ते टायलर कोलमन या ब्लॉगलेखकाने. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ब्लॉगवर लिहिणाऱ्यांना मिळालेल्या भेटी उघड करण्याची अट घातली. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये तशीच मार्गदर्शक तत्त्वे आणली. मिंधेपणा हा माध्यमाचा गुण नाही. तो लपवला की उघड केला, एवढ्यावर वाचकाने लक्ष ठेवावे.

‘संपादक नसतो, चूक कोण पकडणार?’ हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चांगला संपादक लेखकाला त्याच्याच उत्साहापासून वाचवतो, आणि बहुतेक ब्लॉगना तो नसतो. पण वाईनच्या क्षेत्रात सर्वांत मोठी चूक संपादक, लिलावगृहे आणि नामवंत समीक्षक यांच्या डोळ्यांदेखत झाली. रूडी कुर्नियावान याने स्वयंपाकघरात बनवलेल्या बनावट ‘जुन्या’ बाटल्या वर्षानुवर्षे लिलावात विकल्या आणि जाणकारांनी त्या चाखून वाखाणल्या. २००८ च्या लिलावात त्याने पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी वाईनच्या १९४५ ते १९७१ मधल्या बाटल्या ठेवल्या. ती वाईन ते घराणे १९८० च्या दशकात बनवू लागले होते, आणि लोराँ पोन्सो स्वतः न्यूयॉर्कला जाऊन त्या बाटल्या लिलावातून मागे घ्यायला लावून आले. २०१२ मध्ये लंडनच्या दुसऱ्या एका लिलावातल्या बाटल्यांची लेबले, आकडे आणि बुचे यांतल्या विसंगती डॉन कॉर्नवेल या कॅलिफोर्नियातल्या वकील-संग्राहकाने एकेक करून जाहीरपणे मांडल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच कुर्नियावानला अटक झाली. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. इथे संपादकाचे काम उघड्यावर लिहिणाऱ्या आणि दुसऱ्याला पडताळू देणाऱ्या हौशींनीच केले.

हौशे, नवशे आणि गवशे यांची गर्दी मात्र खरीच आहे, आणि तिच्यातून हौशा निवडण्याची रीत वाचकाला हवी. ऑर्ली अॅशनफेल्टर हे प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ वाईनबद्दल एक छोटे पत्रक काढत. हिवाळ्यातला पाऊस, वाढीच्या महिन्यांतले तापमान आणि तोडणीआधीचा पाऊस, एवढ्या तीन गोष्टींवरून बोर्दोच्या हंगामाचा दर्जा सांगणारे समीकरण त्यांनी मांडले तेव्हा व्यावसायिक समीक्षक त्यांच्यावर तुटून पडले. पण १९८९ आणि १९९० हे हंगाम उत्कृष्ट ठरतील, हे भाकीत त्यांनी आधी, आकड्यांनिशी आणि चूक ठरण्याची पूर्ण तयारी ठेवून केले होते, आणि ते खरे ठरले. लेखक हौशी असो वा पगारी, त्याच्याकडून मागायचे ते हेच. बाटली कुठून आली, लेबल झाकले होते का, पूर्वी काय लिहिले होते आणि ते मत बदलले असेल तर का. हॉजसनचा प्रयोग तर कोणत्याही स्वयंपाकघरात होतो. घरच्या माणसाने सहा ग्लास भरायचे, त्यांतले तीन एकाच बाटलीचे. लिहिणाऱ्याने पाठ फिरवून थांबायचे, मग चाखून गुण द्यायचे, आणि ते तीन आकडे, कितीही दूर पडले तरी, समीक्षेसोबत छापायचे.