मंचाआधी बैठक

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की घाट चढण्याआधी कापडे लागतं. या गावात नाट्यगृह नाही, आसपासच्या वाड्यांतही नाही. मोठ्या नटाचं नवं नाटक पाहायचं तर मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. तरीही महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात कला पाहण्या-ऐकण्याचा दुष्काळ कधी पडला नाही. शिमग्यात पालखीपुढे ढोल, टिमकी आणि सनईचा खालू बाजा असतो, गौरी-गणपतीत जाखडी रंगते, हरिनाम सप्ताहात मृदंगाच्या साथीने कीर्तनं होतात. महाशिवरात्रीच्या उत्सवात महाडला वीरेश्वराचा छबिना निघतो, तेव्हा पंचक्रोशीतल्या ग्रामदेवतांच्या पालख्या देवाच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याच्या झोलाईची वाट तर सारं महाड पाहत असतं. यांपैकी कशालाही माणूस एकटा जात नाही. घर जातं, भावकी जाते, मुंबईहून आलेला मित्र जातो, त्या मित्राचा मित्रही जातो. सोबत बसून पाहणं हा कलेचाच एक भाग आहे आणि तो भाग निसटला तर मंचावर कितीही खर्च केला तरी कार्यक्रम उभा राहत नाही, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

पुरावा म्हणून आधी जाखडीकडेच पाहू. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झिलकरी बसलेले, भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्या गड्यांचं रिंगण. समोर दुसरी पार्टी. एक शक्तीवाले, म्हणजे आदिशक्तीला थोर मानणारे. दुसरे तुरेवाले, शिवाला थोर मानणारे. गण होतो, गौळण होते आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. सवाल पुराणातला असतो, पण टोला नेमका समोरच्या शाहिरावर बसलेला असतो. तो टोला कळायला पुराण ठाऊक हवं आणि दोन्ही शाहिरांची जुनी खुन्नसही ठाऊक हवी. नातवाला यातलं पहिलं ठाऊक नसतं, दुसरंही नसतं. शेजारी बसलेली आजी त्याला कानात सांगते की हा सवाल कुठल्या कथेतला आहे, आणि काका सांगतो की गेल्या साली याच शाहिराला उत्तर सुचलं नव्हतं. ढोलकीचा ठेका चढतो, रिंगण उलटं फिरतं, पोरगं आजीकडून पुन्हा नाचणाऱ्यांच्या पायांकडे वळतं. असं कानात बोलणारं माणूस शेजारी नसेल तर तीच जाखडी म्हणजे नुसता वेगवान नाच उरतो. नमनातही वेगळं काही घडत नाही. संकासुर आला की मुलं आईच्या पदराआड दडतात आणि मोठी माणसं त्या दडणाऱ्या मुलांकडे पाहून हसतात. प्रयोगाचा अर्धा रंग बैठकीतच भरलेला असतो.

ही रीत गावापुरती राहिली नाही. कोकणातला माणूस गिरणीत कामाला लागला, परळ-लालबागच्या गावकीच्या खोल्यांत राहिला, आणि त्याने आपलं नमन, आपली जाखडी तिकडे नेली. परळचं दामोदर नाट्यगृह हे त्यांचं हक्काचं ठिकाण झालं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह १९२२ चं. अशा प्रयोगांची तिकिटं खिडकीवर कमी आणि हातोहात जास्त खपतात. मंडळाचा कार्यकर्ता घरोघर फिरतो, माणूस आपल्या गावचं म्हणून चार तिकिटं घेतो, आणि चार घेतली म्हणून चौघांना घेऊन जातो. जमलेला पैसा देवळाच्या जीर्णोद्धाराला नाही तर शाळेच्या पत्र्याला जातो. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, गिरणगाव पांगला, कुटुंबं बदलापूर-विरारपर्यंत गेली. तरी दामोदरला कोकणी प्रयोग होत राहिले. गिरणीवर ही मंडळी जगत होती, पण प्रयोगांचा जीव नात्यांवर होता, याला याहून चांगला दाखला मला सापडत नाही. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी हे नाट्यगृह बंद झालं तेव्हा लोककलावंत रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. एवढ्या भाड्यात, आपल्या माणसांना जवळ पडेल असं दुसरं ठिकाण मुंबईत सहज मिळत नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत, हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिथल्या नाटक मंडळ्यांचं केंद्र. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडई आणि नाटकं सुरू होतात. ज्या गावात नाटक असतं तिथे लेकी-जावई, व्याही, पाहुणे मुक्कामाला येतात. पाहुणचार घरी आणि नाटक मांडवात. त्या रात्रींत सोयरिकीही जुळतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वाचकाला या रंगभूमीचं नाव कळलं, पण ती तोवर अनुदानाविना, पाहुण्यांच्या बळावर पिढ्यान् पिढ्या चाललेली होती. शास्त्रीय संगीतालाही ही बैठक परकी नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात घरंच्या घरं डबे आणि चटया घेऊन रात्र काढत. नुसत्या रेकॉर्डवर ज्यांनी गाणं ऐकलं त्यांना राग कळला असेल. कुणाच्या ‘वा’ला कधी सामील व्हायचं हे मात्र त्या चटईवरच कळलं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदार आहे. ‘सगळे मिळून’ म्हणताना सगळे कोण? ज्या महाडच्या छबिन्याचं कौतुक वर केलं, त्याच महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाण्याला जिथे मज्जाव होता तिथे पालखीपुढची बैठक सर्वांना सारखी होती असं म्हणणं खोटं ठरेल. बायकांचंही तेच. नमनातल्या गवळणी पुरुषच होत, जाखडीच्या रिंगणात पुरुषच नाचत, बाया मागे अंधारात बसत. जुनी बैठक जशीच्या तशी परत आणावी असं म्हणूनच मी म्हणत नाही. पण या आक्षेपाचं उत्तरही बैठकीतूनच आलेलं आहे. चळवळीने आपले आंबेडकरी जलसे उभे केले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचीच रचना घेतली, गणाचा रोख बदलला, आणि वस्तीतली म्हातारी-कोतारी, बाया-पोरं पुढे बसवली. संगीतात हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफलीत गायची वाट पाडली, आणि घरंदाज बाईने गाणं ऐकायला जाहीर ठिकाणी जाणं हळूहळू रुळलं. आता कोकणात महिलांच्या जाखडी पार्ट्याही उभ्या राहिल्या आहेत. ज्यांना बैठक नाकारली होती त्यांनी एकट्याने ऐकण्याचा मार्ग धरला नाही. त्यांनी बैठक रुंद केली.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. सगळी जाखडी मोबाइलवर मिळते, शाहिरांचे सामने यूट्यूबवर आहेत, मग रात्री डास चावून घ्यायला मैदानात कशाला जायचं? मोबाइलने काही चांगलंही केलं आहे. सौदीत नोकरीला असलेला मुलगा गावची पालखी पाहतो, ही लहान गोष्ट नाही. पण पडद्यावर पाहणारा माणूस कंटाळला की पुढे सरकवतो. मैदानातला माणूस कंटाळला तरी उठत नाही, कारण शेजारी मामा बसलेला असतो. आणि तेवढ्यात पुढचा सवाल येतो. कलेची गोडी लागायला हा थोडा नाइलाज लागतोच. जे पहिल्या पाच मिनिटांत आवडतं तेवढंच पाहिलं तर आवड वाढायची कशी?

छायाचित्रांचं काय, हा प्रश्न इथेच येतो. रात्रीच्या हॅलोजनखाली फिरत्या रिंगणाचा फोटो मोबाइलने काढायचा म्हटलं की हात हलतो, चाळ बांधलेले पाय धूसर होतात, मग कुणी फ्लॅश मारतो आणि नाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. मागचा प्रेक्षक तर वर धरलेल्या दहा फोनांमधूनच प्रयोग पाहतो. फोटोवर बंदी घालणं मला मान्य नाही, कारण फोटो काढणं हासुद्धा सोबतीचाच आनंद आहे. गणापर्यंत काढावेत, पुढून हटून कडेने काढावेत, फ्लॅश बंद ठेवावा, आणि गौळणीपासून फोन खिशात जावा. खरं काम त्यानंतरचं आहे. सवाईत सतीश पाकणीकर यांनी टिपलेल्या गायक-वादकांच्या छायाचित्रांनी रसिकांच्या घरात जागा मिळवली, कारण ती छापली गेली, भिंतीवर लागली, त्यांच्याखाली नाव आलं. गावच्या ढोलकीवाल्याचा फोटो मात्र शंभर जणांच्या फोनमध्ये असतो आणि फोन बदलला की जातो. वर्षाला वीस फोटो छापून, नाव आणि साल लिहून देवळाच्या सभामंडपात लावायला फारसा खर्च येत नाही. पोरांना त्यात आपला आजा नाचताना सापडेल.

तिसरी अडचण वेळेची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. सवाईच्या रात्री याच नियमाने गेल्या. अनेकांना हा परंपरेवर घाला वाटतो; मला वाटतं ही संधी आहे. रात्रभराची बैठक ज्यांना परवडत नव्हती त्यांत सकाळी चूल पेटवणाऱ्या बाया होत्या, शाळेची मुलं होती, आजारी म्हातारी होती. संध्याकाळी सहाला सुरू होऊन दहाला संपणारा सामना सवाल-जवाबाला पुरेसा आहे, फक्त पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं कापावी लागतील. ती कापल्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही.

कापड्याच्या आणि शेजारच्या गावांच्या मंडळांना म्हणून विनंती आहे. येत्या शिमग्याचं आणि पुढच्या गौरी-गणपतीचं अंदाजपत्रक मांडताना मोठ्या बॉक्सच्या, डीजेच्या भाड्याआधी बैठकीचा खर्च लिहा. पुढच्या चार रांगा म्हाताऱ्यांना आणि मुलांना द्या, बायकांना मागे नको, बाजूला नको, मध्ये जागा द्या, त्यांच्यासाठी शौचालयाची सोय करा, लांबच्या वाडीवर परत सोडायला एक टेम्पो ठरवा. आणि दोन्ही शाहिरांना वेळेवर मानधन द्या.