गप्प बसणाराही गुन्हेगारच!

वसतिगृहातल्या लेकीवर अत्याचार होतो, नराधम पकडला जातो, मोर्चे निघतात, फाशीची मागणी होते. पण त्याला दार उघडून देणारा कोण? सारे माहीत असून तोंड शिवून बसणारे किती? हे आपण कधी विचारणार?

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. १७ अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे तपासात पुढे आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती दडवल्याचा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश रद्दबातल ठरला. अत्याचार माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो आरोपीला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले. डॉक्टर दोषी की निर्दोष, हे मात्र खटल्यातच ठरायचे.

बांधवांनो, कायदा समजून घ्या. २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करते. न देणाऱ्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. ही झाली मौनाची शिक्षा. चिथावणी देणारा, कटात सामील होणारा, जाणूनबुजून मदत करणारा मात्र कलम १६ खाली येतो. गुन्हा घडला तर कलम १७ प्रमाणे त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा! कायद्याने घातलेले कर्तव्य हेतुपुरस्सर टाळून केलेली मदतही यात बसते. म्हणून कार्यकर्त्यांनी आरोपपत्र वाचताना पाहावे, पुरावा मदतीचा असताना केवळ कलम २१ लावून संस्थाचालकाला स्वस्तात सोडले तर नाही ना?

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभारले. नागसेनवनातल्या वसतिगृहांनी आपल्या पिढ्या घडवल्या. आई-बाप आजही त्याच विश्वासाने लेकरू वसतिगृहात ठेवतात. तो विश्वास मोडणाऱ्याला 'संस्थेची बदनामी नको' म्हणून पाठीशी घालणार काय?

खबर द्या. १०९८ वर फोन करा. सद्भावनेने खबर देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलीचे नाव मात्र कुठेही उघड करू नका. आणि समाजात 'मिटवून घ्या' म्हणणारा कुणी असेल, तर त्यालाही हा कायदा वाचून दाखवा.