बोलून झाल्यावरचा रियाज

संवादकौशल्याच्या बहुतेक शिबिरांत पहिल्या तासाभरातच एक आकडेवारी पडद्यावर झळकते: समोरच्यापर्यंत जे पोचतं त्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के. आकडे इतके नेमके, की शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. ते आले अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या प्रयोगांत माणसं एकमेकांशी बोलत नव्हतीच. ध्वनिमुद्रित केलेला एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला जाई, दुसऱ्या प्रयोगात त्याच्या जोडीला चेहऱ्याचं छायाचित्र दाखवलं जाई, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड, एवढंच ऐकणाऱ्याने ओळखायचं. दोन्हींचे निष्कर्ष एकत्र करून ते सूत्र बांधलं गेलं. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा भलतंच सांगतोय, अशा वेळी आपण शब्दावर कमी विसंबतो, इतकीच त्याची व्याप्ती. भावना आणि आवडीनिवडीपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे. तरीही त्या आकड्यांच्या जोरावर ताठ कसं बसावं, हात कुठे ठेवावेत, नजर कशी भिडवावी, हे शिकवणं चालूच राहिलं. याची खंत वाटते, कारण त्याच काळात संभाषणाचं एक काटेकोर विज्ञान उभं राहत होतं, आणि रोजच्या सरावाने आपलं बोलणं सुधारू पाहणाऱ्याला उपयोगी पडेल असं बरंच काही त्याने शोधून काढलं आहे.

सुरुवात वेगापासून करू. २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा दहा भाषांमधल्या नैसर्गिक गप्पांच्या चित्रफिती तपासल्या. होय-नाही असं उत्तर मागणारा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सर्वांत झटपट, डॅनिश सर्वांत संथ. पण डॅनिश माणूसही सरासरीने अर्ध्या सेकंदाच्या आतच उत्तर देतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. चित्रातली ओळखीची वस्तू पाहून तिचं नाव उच्चारायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. एक शब्द जुळवायला ६०० आणि उत्तर मात्र २०० मध्ये! समोरचा अजून बोलत असतानाच आपलं उत्तर आत तयार होऊ लागलेलं असतं, याशिवाय या हिशेबाची संगती लागत नाही. त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपण बांधलेला असतो, काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, आणि उरलेलं ऐकणं त्याच्या बरोबरीने चाललेलं असतं. माणसाच्या मेंदूची ही विलक्षण करामत आहे, आणि आपल्या बहुतेक गैरसमजांचं मूळही त्यातच असावं असं मला वाटतं. ज्याचा शेवट आपण आधीच गृहीत धरला, ते वाक्य प्रत्यक्षात वेगळ्याच ठिकाणी संपलं, तर ते निसटून जाण्याची शक्यता मोठी. ‘नीट ऐका’ हा सल्ला चुकीचा नाही. पण ज्या क्षणी तो पाळायचा, त्या क्षणी मेंदू दोन कामांत गुंतलेला असतो. आपण कुठे तोडलं, काय ऐकलंच नाही, हे बोलण्याच्या ओघात स्वतःचं स्वतःला कळणं जवळजवळ अशक्य आहे.

नुसतं रोज बोलून कुणी चांगलं बोलू लागत नाही, याचं कारण इथे सापडतं. आपण जन्मभर बोलतो; सरावच पुरेसा असता तर साठीतला प्रत्येक माणूस संवादपटू झाला असता. अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पुढे लोकप्रिय पुस्तकांनी त्यातून ‘दहा हजार तास’ एवढंच उचललं. एरिक्सन यांचा भर मात्र तासांच्या संख्येइतकाच त्या तासांत काय घडतं यावर होता: नेमकी एक उणीव निवडायची, तीवर काम करायचं, आणि कितपत जमलं हे लगेच कळायची सोय हवी. गाण्याच्या रियाजात ही सोय गुरू करतो. स्वर किंचित उतरला की तो थांबवतो आणि ती जागा पुन्हा घ्यायला लावतो. घरी, कचेरीत, फोनवर आपण बोलतो तेव्हा असं थांबवणारं कुणी नसतं. तोडून बोललं तर समोरचा गप्प बसतो, आणि ती गप्प बसण्याची क्रिया आपल्याला संमती वाटते.

हे थांबवण्याचं काम एखादं यंत्र करू शकेल, हे हार्वी सॅक्स या तरुण समाजशास्त्रज्ञाच्या कामातून दिसतं. १९६३-६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्येच्या विचारांनी ग्रासलेल्या लोकांसाठी चालणाऱ्या एका केंद्रात त्यांना फोन-संभाषणांच्या टेप्स मिळाल्या. केंद्राची अडचण अशी, की फोन करणारे आपलं नाव सांगत नसत. कर्मचारी आधी स्वतःचं नाव सांगत, म्हणजे समोरचाही आपलं सांगेल; एरवी तसंच घडतं. एका फोनमध्ये कर्मचाऱ्याने नाव सांगून मदतीची तयारी दाखवली, तर पलीकडचा म्हणाला की ऐकू आलं नाही. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, पलीकडच्याने ते उच्चारून खात्री करून घेतली, आणि संभाषण पुढे सरकलं. सॅक्स यांनी ही टेप पुन्हा पुन्हा ऐकली, तेव्हा त्यांना दिसलं की आपलं नाव सांगण्याची जी जागा होती, ती ‘ऐकू आलं नाही’ या वाक्याने अलगद भरून टाकली होती. नकार न देता नाव टाळलं गेलं होतं. त्या माणसाने हे जाणूनबुजून केलं की नाही, हा प्रश्नच नाही. वाक्य कुठे ठेवलं गेलं यामुळे ते घडलं. संभाषण-विश्लेषण या शास्त्राची सुरुवात या निरीक्षणातून सांगितली जाते, आणि मला ती शास्त्रांच्या इतिहासातल्या सुंदर सुरुवातींपैकी एक वाटते. ना प्रयोगशाळा, ना सिद्धान्त. हाताशी होती फक्त मागे फिरवून पुन्हा ऐकता येणारी टेप.

पण टेप ऐकून विसरली जाते. ती कागदावर उतरवावी लागते. इथे गेल जेफर्सन यांचं नाव यायला हवं, आणि ते फार कमी वेळा येतं. नृत्याची पदवी घेणाऱ्या या विद्यार्थिनीने १९६५ मध्ये सॅक्स यांच्या वर्गात नाव घातलं. त्याआधी टंकलेखिका म्हणून तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षण-सत्रांच्या टेप्स उतरवण्याचं काम त्यांनी केलं होतं. तोवर शब्दांकन म्हणजे साफसूफ केलेली वाक्यं. जेफर्सन यांनी जे ऐकू येतं ते सगळं लिहिण्याची पद्धत घडवली: दशांश सेकंदात मोजलेले विराम, दोघांचं बोलणं एकमेकांवर कुठे चढलं आणि कुठे उतरलं, ताणलेला स्वर, बोलण्याआधी ओढलेला श्वास. ‘हसतो’ असं कंसात लिहून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. हसू कुठल्या शब्दाच्या पोटात फुटलं, तेही त्यांनी अक्षरांतून मांडलं. सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि जेफर्सन यांचा बोलण्याच्या पाळ्यांविषयीचा लेख १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात आला आणि भाषाविज्ञानातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक ठरला. पुढच्याच वर्षी सॅक्स मोटार अपघातात गेले. त्यांची व्याख्यानं टेपवरून उतरवून, संपादित करून १९९२ मध्ये ग्रंथरूपात आणली ती जेफर्सन यांनीच. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं. आज जगभर संभाषणाचा अभ्यास त्यांच्या चिन्हांत लिहिला जातो. या चिन्हांना तांत्रिक मदतनिसाचं काम समजणं अन्यायाचं आहे. विराम लिहायला सुरुवात झाली म्हणूनच तो मोजण्याजोगा झाला.

या पद्धतीचं फळ सर्वांत स्पष्ट दिसलं दवाखान्यात. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी ७४ तपासण्यांची ध्वनिमुद्रणं अभ्यासली. आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं ते फक्त १७ रुग्णांना. बाकी बहुतेकांना डॉक्टरांनी पहिल्याच तक्रारीवर प्रश्न विचारून मध्येच वळवलं होतं, तेही सरासरी १८ सेकंदांत. यात उद्धटपणा नव्हता. उत्तर आधीच तयार होऊ लागतं त्याचाच तो परिणाम. मग प्रश्न आला की न तोडता बोलू दिलं तर रुग्ण थांबेल का? २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या रुग्णालयाने ३३५ रुग्णांच्या बाबतीत हे मोजलं. ते सरासरी ९२ सेकंद बोलले. ७८ टक्के रुग्णांचं दोन मिनिटांच्या आत आटोपलं. पाच मिनिटांपलीकडे गेले फक्त सात. त्यांचं बोलणंही डॉक्टरांना फापटपसारा वाटलं नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की हे सगळं तंत्र झालं. मुळात मन मोठं केलं, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, की संवाद आपोआप सुधारतो. ही कल्पना इतकी उदात्त आहे की ती तपासायला नको वाटते. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली ती २५ प्रयोगांत तपासली. समोरच्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहिलं म्हणून त्याच्या मनातलं अधिक अचूक ओळखता आलं, असं दिसलं नाही. अचूकता वाढली ती त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून, त्यालाच विचारल्यावर. आत्मविकासाचं मोल मी नाकारत नाही. पण तो डोळे मिटून होत असेल, तर समोरच्या माणसापर्यंत तो पोचत नाही. दुसरा आक्षेप असा, की शिबिरांतही भूमिका वठवून सराव करून घेतात, मग वेगळं काय? ब्रिटिश संशोधक एलिझाबेथ स्टोको यांनी पोलिसांच्या खऱ्या मुलाखती आणि प्रशिक्षणातल्या नकली मुलाखती शेजारी ठेवल्या, तेव्हा नकलीत शिकवलेल्या गोष्टी ठळकपणे, परीक्षकाला दिसतील अशा केल्या जात होत्या. म्हणून त्या प्रशिक्षणासाठी खऱ्या संभाषणाची टेप ऐकवतात, मध्येच थांबवतात आणि विचारतात, इथे तुम्ही काय म्हणाल? आणि मग खऱ्या माणसाने काय म्हटलं ते ऐकवतात.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. २०१७ सालच्या एका जागतिक आढाव्यात डॉक्टर एका रुग्णाला देत असलेला सरासरी वेळ स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त, तर भारतात सुमारे दोन मिनिटं निघाला. त्यात ९२ सेकंद ऐकायचं कसं? डॉक्टरांची कमतरता कुणाच्याही व्यक्तिमत्त्व विकासाने भरून निघणार नाही, आणि व्यवस्थेची उणीव माणसाच्या ‘कौशल्या’च्या खात्यावर टाकणं मला मान्य नाही. पण थोड्या वेळात काय विचारायचं याला तेवढंच महत्त्व येतं. आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. तिथे खऱ्या ध्वनिमुद्रणांना जागा मिळायला हवी.

घरच्या घरी हे करायचं, तर समोरच्याची स्पष्ट परवानगी घेऊन दहा मिनिटांचं बोलणं फोनवर मुद्रित करावं आणि त्यातलं फक्त एक मिनिट विरामांसकट लिहून काढावं. एका मिनिटाला बराच वेळ लागतो, पण आपण कुठे तोडलं, कुठल्या प्रश्नाचं उत्तर न ऐकताच दुसरा प्रश्न टाकला, ते कागदावर येतं. मग पुढच्या आठवड्यात त्यातली एकच गोष्ट बदलायची. यामुळे बोलणं कृत्रिम होईल ही भीती रास्त नाही, कारण तपासणी बोलताना नव्हे, नंतर होते.

कुठली एक गोष्ट, हे मात्र आपल्या भाषेतच शोधावं लागेल. जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेत ‘आणखी काही सांगायचंय का’ हा प्रश्न डॉक्टरांना दोन प्रकारे विचारायला लावला. इंग्रजीत ‘एनी’ शब्द वापरला तर प्रश्नाचा कल ‘नाही’कडे झुकतो, ‘सम’ वापरला तर ‘हो’कडे. ‘सम’ वापरल्यावर न सांगता राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या, आणि भेटीचा वेळ फारसा वाढला नाही. मराठीत दोन्ही कामं एकटा ‘काही’ करतो. झुकाव येतो तो ‘अजून काही?’ आणि ‘अजून काही नाही ना?’ अशा रचनेतून, सुरातून, आणि पुढचा केसपेपर उचलता उचलता विचारलं की रुग्णाकडे पाहून, यातून. स्टिव्हर्स यांच्या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठी दवाखान्यांत, तहसील कचेरीत, पालकसभेत हा प्रश्न कसा विचारला जातो आणि त्यानंतर किती दशांश सेकंद शांतता पडते, हे कळायला ती संभाषणं संमतीने मुद्रित करून, जेफर्सन यांच्यासारखी श्वासासकट कुणीतरी लिहून काढावी लागतील.