मांडीवरचे पांढरे पिल्लू

मांडीवर घेतले असता नवजात अर्भकाएवढे, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास भरणारे, कुरवाळताच मान वळवून डोळे मिटणारे आणि चार्जिंगच्या वेळी बाळाच्या चोखणीसारखा प्लग तोंडात धरणारे ‘पारो’ नावाचे यंत्रपिल्लू जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून वर्षानुवर्षे खपून घडविले. त्याला रूप दिले ते सीलच्या पिल्लाचे. कारण कुत्र्या-मांजरांशी माणसाची निकटची ओळख असल्यामुळे त्यांच्या प्रतिकृतीतील उणीव त्याला तत्काळ जाणवते, सीलच्या बाबतीत मात्र अशी रुजवात घालण्यास त्याच्यापाशी साधनच नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सोबत म्हणून हे पिल्लू जपानपासून डेन्मार्कपर्यंतच्या वृद्धनिवासांत पोहोचले, आणि त्याच्यामागोमाग नीतीचा प्रश्नही पोहोचला.

ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००२ सालीच असे प्रतिपादन केले की, यंत्रप्राण्यापासून मिळणारे सुख जर ‘हा आपल्यावर माया करतो’ या भ्रमावर उभे असेल, तर ते सुख नीतीच्या कसोटीस उतरत नाही. याउलट जपानात, इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात, ज्यांचे सुटे भाग इतरांच्या दुरुस्तीसाठी काढावयाचे अशा ‘आयबो’ यंत्रश्वानांचे २०१५ पासून रीतसर अंत्यविधी झाले. ती यंत्रे आहेत हे मालकांना ठाऊक होतेच, परंतु ज्याला जीव लावला त्याला निरोपावाचून मोडीत काढणे त्यांना रुचले नाही. शाडूच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करून विसर्जनाच्या वेळी डोळे पुसणाऱ्या आपल्या समाजाला हा भाव परका नाही. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. मूर्ती मातीची हे जाणून आपण तिच्या ठायी भाव ठेवतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाच्या ठिकाणी ते जाणतेपणच ढळलेले असते, आणि म्हणून त्याच्या वतीने जाणते राहण्याची जबाबदारी शुश्रूषा करणाऱ्यावर येते.

ती जबाबदारी किती कष्टाची असते, हे अभ्यासक जेम्स राइट यांनी जपानमधील वृद्धनिवासात दीर्घकाळ निरीक्षण करून २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून ध्यानी येते. तेथील एका वृद्धाने पारोची लव सोलून काढण्याचा प्रयत्न केला, तर दुसरी वृद्धा त्याच्यावाचून ना जेवायला बसे ना अंथरुणाला पाठ टेके; त्यामुळे पिल्लावर पाळत ठेवणे हे सेविकांचे आणखी एक काम होऊन बसले. माणसाला उचलून बसविणारे यंत्र खोलीखोलीतून ढकलत नेण्यात वेळ जाई, म्हणून ते थोड्याच दिवसांत बाजूला पडले. व्यायाम शिकविणाऱ्या ‘पेपर’ या यंत्रमानवाशेजारी उभे राहून त्याच्याच हालचाली सेविकेला करून दाखवाव्या लागत.

म्हणून यंत्राला प्राण आहे की नाही, या वादाइतकाच त्याच्या हिशेबाचा प्रश्न मोलाचा आहे. यंत्रामुळे खरोखरच सेविकेचा घटकाभर वेळ वाचत असेल, तर ती घटका त्या वृद्धाच्या उशाशी बसण्यात खर्ची पडते, की सेविकांची संख्या घटविण्याची सबब ठरते, हे प्रत्येक देशाने आपल्या दप्तरी प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पिल्लाच्या लवेवरून फिरणाऱ्या सुरकुतलेल्या हाताला समाधान लाभत असेल, तर ते हिरावून घेण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु तो हात थांबून दुसरा हात शोधू लागेल, त्या क्षणी तो धरणारे माणूस जवळ असणे, हा त्या वृद्धाचा हक्कच होय.